शेवटच्या भोकातली किंचाळी

रविवार, संध्याकाळ. किन्हीराजा.

दोन दिवस सुट्टीवर घरी आले, पण कानातली ती किंचाळी काही जात नाही.

शुक्रवारी कारखान्यात मी विमानाच्या इंजिनाच्या चकतीत भोकं पाडत होते. निकेलचा मिश्रधातू. त्याची खोड मला पक्की माहीत आहे. उष्णता कापलेल्या धातूच्या बुराद्याबरोबर निघून जात नाही, ड्रिलच्या टोकाशीच साठते. ड्रिल बोथट झालं आणि न कापता नुसतं घासलं, की भोकाची आतली कातडी कडक होते. पुढे तिथूनच तडा जाऊ शकतो.

शेवटचं भोक होतं. ड्रिल बदलायला हवं होतं. शिफ्ट संपत आलेली, म्हटलं, एकच तर राहिलंय. आणि ते किंचाळलं. किती वेळ घासलं? दोन सेकंद? जास्त? भोक मापात बसलं, चकती तपासणीत पास झाली. मी गप्प बसले. कायले गप्प बसले मी?

आज बाबा अंगणात वखराच्या पासेला, म्हणजे त्याच्या लोखंडी पात्याला, धार लावत होते. म्हणाले, "बोथी पास माती कापत नाही, घासते. खाली जमीन दगडावानी होते."

मग आईने विचारलं, "येत्या गुरुवारी तुहा भाऊ पह्यल्यांदा विमानात बसून राह्यला. तुह्या हातचा पार्ट असन काय वं त्यात?"

"नाही माय."

ती हिरमुसली. "असता तर मले भेव वाटलं नसतं."

चकती उद्या सकाळी कारखान्यातून निघते. आत्ताच सुपरवायझरला फोन लावते. आधी इथे लिहिलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.