आवाज येऊ न देणारी पोरं

माय, काल माझी धाकटी मोठ्यानं रडली. ही आनंदाची बातमी आहे, हे दुसऱ्या कोणाला समजावत बसायची ताकद नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तू माझी पोरं पाहिली नाहीस. मोठा पाच वर्षांचा, धाकटी तीनची. आम्ही तिरोड्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. नवरा ठेकेदार नेईल तिकडे कामाला जातो, सध्या छत्तीसगडात आहे. घर माझ्या नोकरीवर चालतं, आणि माझी नोकरी घरातच आहे. कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसायचं, आणि कोणाचा फ्रिज, कोणाचं वॉशिंग मशीन बिघडलं की त्यांच्या शिव्या ऐकून घेऊन गोड आवाजात उत्तर द्यायचं. शेजारणी म्हणतात, बसल्या जागी पगार, पोरं डोळ्यासमोर, आणखी काय पाहिजे. तुलाही बाया हेच म्हणायच्या.

तू ओसरीत विड्या वळत बसायचीस. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. आमच्या वाट्याला तुझी मांडी कधी आली नाही, ती सुपाची होती. आम्हाला पाठ मिळाली. मी तुझ्या पाठीला पाठ लावून बसायचे, आणि तुझा खोकला बाहेर यायच्या आधी मला पाठीत कळायचा. ते काम काही चांगलं नव्हतं, मी उगाच त्याची आरती ओवाळणार नाही. त्या तंबाखूच्या धुळीनंच तुला नेलं, आणि रांगत्या भावाला तू लुगड्याच्या चिंधीनं खांबाला बांधून ठेवायचीस, ते मी विसरलेले नाही. पण एक दिवस मी पायात बाभळीचा काटा भरून रडत आले होते. विडीच्या ठेकेदाराचा माणूस माल न्यायला यायचा होता आणि सुपात अजून पानं पडून होती. तू मानही वर केली नाहीस. हात तसेच चालू ठेवून म्हणालीस, "काऊन रडून राहिली? हात कामात हायेत, कान तं रिकामेच हायेत ना. सांग, काय झालं तं." मी सांगत गेले, तू हूं हूं करत गेलीस, आणि सगळं सांगून होईपर्यंत माझं रडणं थांबलं होतं. काटा तू संध्याकाळी काढलास.

माझं उलट आहे, माय. माझे हात पुष्कळदा रिकामे असतात. कान आणि तोंड कंपनीचे. बोलताना मागे पोराचा आवाज आला की तो फोन बाद धरतात. तुझ्या विड्या खराब म्हणून छाटायचे, पैसे द्यायचे नाहीत, तशीच छाट. दोनदा समज मिळाली, पुढच्या खेपेला घरी बसा म्हणाले. घरीच तर बसले होते! मग मी पोरांना शिकवलं. हेडफोन कानाला लागला की गप्प. भूक लागली तरी गप्प, भांडण झालं तरी गप्प. दिवसभर आवाज आला नाही तर संध्याकाळी क्रीमचं बिस्कीट. पोरं इतक्या लवकर शिकली की मी बहिणीजवळ फुशारकी मारली.

मागच्या महिन्यात एका दुपारी रायपूरचा एक माणूस फ्रिजवरून मला फैलावर घेत होता. मी जी सर, जी सर करत होते. आतल्या खोलीत लोखंडी कपाटाचं दार आदळल्यासारखं वाटलं. रडणं ऐकू आलं नाही, म्हणून मी उठले नाही. त्याचं समाधान केलं, हेडफोन उतरवला आणि मग आत गेले. दोघं कपाटाशेजारी बसलेली. धाकटीची दोन बोटं दारात चेंदली होती, फ्रॉक रक्तानं भरला होता, आणि मोठ्यानं तिच्या तोंडावर आपला तळवा घट्ट दाबून धरला होता. मला बघून त्यानं हात काढला. तरीही ती रडली नाही. तिनं आधी माझ्या कानाकडे पाहिलं.

"आवाज नाही येऊ देला मी, आई," तो म्हणाला. मी तिचा हात ओढणीत गुंडाळत होते तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "बिस्कीट भेटन ना?"

डॉक्टरांनी टाके घातले. एका बोटाला नख येणार नाही म्हणतात. ते मी सोसलं असतं, पण ती रडणंच विसरली. दोघांना समोर बसवून सांगितलं, मी फोनवर असले तरी रडायचं, ओरडायचं, मला ओढायचं. बिस्किटं बंद केली. मोठा नुसती मान हलवतो. धाकटी पडली, कुठे लागलं की माझ्या कानाकडे बघते, आणि कान मोकळे असले तरी ओठ दाबून घेते. तुझी आठवण करून मी तिला पाठीला पाठ लावून बसवलं. तिची पाठ थरथरत होती, आवाज येत नव्हता. नोकरी सोडावी असं रोज वाटतं. सोडली तर खायचं काय?

आणि काल मी फोनवर असतानाच ती खुर्चीवरून पडली आणि तिनं टाहो फोडला. कपाळाला टेंगूळ आलं होतं. मी तिला उचललं, मांडीवर घेतलं, आणि ती माझ्या गळ्यात पडून पोटभर रडली. मोठा दारात उभा राहून बघत होता. मीही रडले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. कालच्या त्या फोनची छाट होणार नाही, माय. तिचा आवाज पलीकडे गेलाच नाही. ती खुर्चीवरून कलंडताना दिसली तशी मी आधी आवाज बंद करायचं बटण दाबलं, मग तिला उचललं. आणि ते तिनं पाहिलं.