अख्खं ठेव, न्हाईतर काढून टाक

कुरुळी,
दि. २७ डिसेंबर २०२५, शनिवार

तनुजे,

आशीर्वाद हायेत. एकदा दिलेले माघारी घेता येत न्हाईत, म्हणून हायेत. बाकी या पत्रात गोड काही शोधू नकोस.

आमी बरे हावोत. तुझा बाप या आठवड्यात सेकंड शिफ्टला हाय. डबा नेतो आणि अर्धा माघारी आणतो. माझे गुडघे व्हते तसेच हायेत. तुझी रहाटणीची खोली, खोलीतल्या पोरी, कंपनी, सगळं ठीक असंल.

फोन का केला न्हाई म्हणशील. फोनवर मी चार शब्द बोलले की तू "हो आज्जी, हो आज्जी" करून ठेवून देतेस. मी तिसरी शिकलेली, अक्षर वाकडं येईल, पण माझं मीच लिहिते. दुसऱ्या कुणाला लिहायला सांगितलं तर मधलं गाळून टाकतील. गाळणारं माणूस या घरात एक झालं तेवढं पुरे.

परवा नाताळाच्या दुपारी शेजारच्या नजमुन्निसाची नात आली, तुझी शाळेतली फरहीन. केकचा तुकडा घेऊन आली. मागं नजमुन्निसा पण आली, तिला केकपेक्षा माझ्या हातचा चहा लागतो. फरहीन म्हणाली, "आज्जी, तनूनं यंदाची गाणी पाठवली. त्यात तुमी हाव!"

मी म्हणलं, असंल. मागच्या साली दूधवाल्याला मी हासडलेल्या शिव्या तू दोन गाण्यांच्या मधी घातल्या व्हत्यास. ते मला आवडलं व्हतं, खोटं कशाला बोलू. दरसाल डिसेंबर लागला की तू कानात बोंडं घालून बसतेस. वर्षभरातली गाणी निवडायची, कुठल्या मागं कुठलं ते जुळवायचं, आणि नाताळाला त्या बारा मैत्रिणी-मित्रांना पाठवायचं. तुझी आई वर्षभर तीच लावायची. कंपनीतल्या पोरांच्या डब्याच्या पोळ्या शंभरावर, आणि तुझी गाणी वीस. मी म्हणायचे, "बंद कर गं ते टिणटिण." ती आवाज बारीक करायची. बंद करायची न्हाई.

तर फरहीननं फोन ओट्यावर ठेवला. आधी लग्नातल्या बँडसारखं काहीतरी धडधडलं. ते थांबलं आणि मी रडायला लागले. फोनमधी.

तनुजे, तुला लाज कशी वाटली न्हाई?

तुझी आई गेली, तिला घरी आणली, त्या दिवशीचं माझं रडणं ते. तुझा मामा आखातात, त्याला बहिणीचं शेवटचं तोंड दिसावं म्हणून तू फोन धरला व्हतास. मी पाहिलं व्हतं. त्यासाठी मी काही बोलले न्हाई. पण ते तू ठेवलंस, सहा महिन्यांनी काढलंस, त्याच्याखाली हळूहळू ढोलकं वाजवलंस, आणि केक खाणाऱ्यांच्या कानात घातलंस. ते गाणं वाटलं का तुला? चाल हाय म्हणून गाणं झालं? हेल काढून रडताना चाल लागते, कारण चालीशिवाय ते तोंडातून निघत न्हाई. माझ्या सासूला रडले, नवऱ्याला रडले, त्याच चालीत तुझ्या आईला रडले. बाई मढ्यापुढं जे बोलते ते मढ्याशी बोलते. गल्ली ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी कुणी एक शब्द तोंडावर आणत न्हाई. म्हणून तर बोलता येतं. तुला हे कुणी सांगितलं नसंल. तुझ्या सोसायटीतल्या लोकांत माणूस गेलं की चटईवर गप बसतात आणि पाण्याच्या बाटल्या वाटतात.

फरहीनला वाटलं मला भरून आलं. म्हणाली, "बघा ना आज्जी, सगळ्यांनी किती छान लिहिलंय." आणि वाचायला लागली. कुणी लिहिलं, अंगावर काटा आला. कुणी हात जोडले. आणि एका शहाणीनं लिहिलं, "सुनेवर एवढी माया! अशी सासू सगळ्यांना मिळो."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं. नजमुन्निसा माझ्याकडं बघत व्हती. त्या दिवशी तिनंच मला मागून धरलं व्हतं, तिनं सगळं ऐकलं व्हतं. ती नातीला म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "विजे, डब्याची झाकणं कुठं ठेवलीस गं माझे बाई, आता तुझ्यामागं चूल कुणासाठी पेटवू गं." आणि तिथून एकदम, "उठ गं माझे बाई."

नजमुन्निसा म्हणाली, "अक्का, इथं और कायतरी व्हतं ना?"

मी म्हणलं, चहा घे, निवतोय.

नळाला चार दिवस पाणी न्हाई, टँकर येतो. चाकणच्या चौकात गाड्या अशा अडकतात की तुझा बाप शिफ्टला तासभर आधी निघतो. डबे मी बंद केले. बारा डबे मला व्हत न्हाईत आता. पोरं विचारतात, मी म्हणते मेसला जा.

इथवर सकाळी लिहिलं आणि ठेवून दिलं. आता पुन्हा वाचलं. तर मी पण तुझ्यासारखंच करायला लागले, मधलं सोडून पाण्याच्या टँकरवर गेले. म्हणून आता लिहिते.

तू कापलंस ते असं व्हतं. "दुखतंय म्हणलीस गं बाई, मी नाटक म्हणले गं. तीनदा म्हणलीस गं बाई, तीनदा मी हसले गं."

हे मी बोलले. सगळ्या गल्लीपुढं, तुझ्या बापापुढं. खरं हाय म्हणून बोलले. पहिल्यांदा दिवाळीनंतर म्हणाली. पोळ्या लाटता लाटता रिकाम्या सिलेंडरवर बसली आणि म्हणाली, "आत्या, पोटात गोळा येतोय." मी म्हणलं, बारा वाजता डब्याची गाडी येते, गोळा संध्याकाळी येऊ दे. दुसऱ्यांदा संक्रांतीच्या सुमाराला. ओवा चाव म्हणलं. तिसऱ्यांदा तुझा बाप नवनाथ तिला दवाखान्यात न्यायला निघाला, रजा टाकून. मी दारात उभी राहिले. म्हणलं, कामाच्या दिवसात बरं सुचतं तुझ्या बायकोला दुखायला. तीच त्याला म्हणाली, "जाऊ द्या, राहिलं आता." मग चौथ्यांदा ती मला बोललीच न्हाई. गाणी लावायची आणि लाटायची. तुझ्या फोनवर पण बोलली नसंल. डॉक्टर म्हणाला, चार महिने आधी आणायला पाहिजे व्हतं. मी हिशेब केला न्हाई, मला करायची गरज नव्हती.

आता तू मला सांग, ते कापलंस कुणासाठी? मला वाचवायला? मी तुझ्याकडं वाचायला आले व्हते का? आयुष्यात एकदा खरं बोलले, ते पण मेलेल्या माणसापुढं, जिला ऐकू येत न्हाई तिच्यापुढं. तेवढं तरी व्हतं माझ्याजवळ. तू ते काढलंस, मला धुतलंस, घडी घातलीस आणि बारा घरी वाटलीस. आता कुणीतरी पोरगी पिंपळे सौदागरला बसून म्हणते, अशी सासू मिळो. तिला मिळाली तर कळंल.

का तुझ्याच मैत्रिणींपुढं तुला लाज वाटली, आपली आज्जी अशी हाय म्हणून? तसं असंल तर ते चांगलं. ते तोंडावर सांग.

कारण मला राग कशाचा हाय ते मी परवापासून शोधते. ढोलक्याचा न्हाई. केकचा न्हाई. सहा महिने झाले, तू दर पंधरा दिवसांनी येतेस, पाया पडतेस, माझ्या गोळ्या डबीत भरतेस, "आज्जी, गुडघे कसे हायेत" विचारतेस. एकदा पण विचारलं न्हाईस की माझ्या आईला तू असं का केलंस. त्या दिवशी तूच फोन धरून समोर उभी व्हतीस. तू ऐकलंस. कापायला बसलीस तेव्हा पुन्हा ऐकलंस, कुठून कुठवर कापायचं ते कळायला दहादा ऐकलं असशील. आणि तरी मला विचारतेस, गुडघे.

असलं चांगलं वागणं मला नको. ते मला झेपत न्हाई.

तर दोन गोष्टी सांगते. एक, ते रडणं अख्खं ठेव, न्हाईतर काढून टाक. अख्खं ठेवायचं असंल तर ढोलकं काढ आणि त्याच बारा जणांना पुन्हा पाठव, त्या शहाणीला आधी. लोक काय म्हणतील ते म्हणू दे, मी इथं हाय, पळून जात न्हाई. अर्धी मी कुणाकडं ठेवू नकोस.

दुसरं, हे पत्र फरहीनजवळ देते, ती सोमवारी तिकडं येतेय. पुढल्या रविवारी ये. तुझा बाप घरी नसंल अशा वेळी ये. पाया पडू नकोस. गोळ्यांच्या डबीला हात लावू नकोस. सिलेंडर अजून तिथंच हाय, त्यावर बस आणि तुला काय बोलायचं ते बोल. चालीत बोल, न्हाईतर नुसतं बोल, न्हाईतर ओरड. मी मधी बोलणार न्हाई. तुझ्या आईच्या वेळी मधी बोलले, तेवढं बास झालं.

केक राहिलाय, फरहीननं आणलेला. मी खाल्ला न्हाई. तू आलीस की बघू.

तुझ्या आईची सासू