तपासणीच्या कार्डामागचा नंबर

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ.
ही वही सायलीनं दिली. सायली म्हणजे माझी नात, बीडला नर्सिंग शिकती. म्हणली, आज्जी, डोळ्याचं ऑपरेशन झालं की रोज चार ओळी लिही, नजर बसती. मी चौथीपतोर शिकले, तिसरीत दोनदा बसले ते धरून पाच वर्षं. आठ दिवस वही कोरीच होती, लिहिण्यासारखं काही घडलंच न्हाई. आज घडलं.
पाटोद्याच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीला गेलते. तिथं डोळ्यात थेंब घालून बाकड्यावर बसवत्यात. तासभर समदं धुरकट, वरून काळा चष्मा. शेजारी एक माणूस बसलेला. दिसला न्हाई, पण आवाज असा की ऐकतच राहावं. जालिंदरराव, शिरूर कासारचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मला म्हणले, तुमी बोलता लई गोड. मी म्हणलं, मालक गेल्यापासून अकरा वर्षं बोलणं साठून राहिलंय, म्हणून मुरलंय. तर लई हसले.
मग स्टँडवर चहा अन् भजी. रस्ता ओलांडताना माझा हात धरला. दिसत दोघांनाबी नव्हतं, त्यामुळं कुणी कुणाला पलीकडं नेलं ते सांगता येत न्हाई. त्यांनी वय विचारलं. मी अठ्ठावन्न सांगितलं. एकाहत्तर म्हणायला लई वेळ लागतो. मग म्हणले, आवाजावरून तुमी उंच अन् गोऱ्यापान असाल. मी हूं म्हणलं. तोंडात भजं होतं.
माझा नंबर त्यांनी हॉटेलवाल्याकडून आपल्या तपासणीच्या कार्डामागं लिहून घेतला. फोन करतो म्हणले. दोनदा म्हणले. मी त्यांचा मागितला न्हाई. पहिल्याच दिवशी बाईमाणसानं नंबर मागणं बरं दिसत न्हाई.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
फोन न्हाई. बरोबर हाय. दुसऱ्याच दिवशी फोन करणारा माणूस उतावळा असतो. असला मला चालणारबी न्हाई.
ठरवलं: फोन आला की लगेच उचलायचा न्हाई. चार वेळा वाजू द्यायचा. मग म्हणायचं, कोण? जसं काही कामात होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.
फोन वाजला. शेळीला पाला टाकत होते, तो तिथंच टाकून धावले. पहिल्याच रिंगला उचलला. कंपनीची पोरगी होती, रिचार्ज संपत आलाय म्हणत होती. शेवटपतोर ऐकून घेतलं. आवाज चांगला हाय पोरीचा, पण आपलं काही ऐकत न्हाई.
चार रिंगांची सवय उद्यापासून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
शिरूरला रेंज नसणार. तिकडं डोंगर हाय. किंवा लाइट नसंल, चार्जिंग नसंल. किंवा डोळ्यात औषध घालून पडून असतील. इतकी कारणं असताना लोक उगाच माणसाला दोष देत्यात. मी देत न्हाई.
सतीश अन् पौर्णिमा, माझा लेक-सून, दिवाळी होताच ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत. समदी गल्ली गेली. दारांना कुलपं. राहिलो मी, माझी शेळी अन् पलीकडची भिवराबाई. भिवराला ऐकू कमी येतं, त्यामुळं तिच्याशी बोलायचं म्हणलं तर भांडल्यासारखं वाटतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
फोनच बिघडला असंल असं वाटलं. भिवराला म्हणलं, तुझ्या फोनवरून लाव बरं. लावला. झकास वाजला. म्हणजे माझा चांगला हाय. म्हणजे त्यांचा बिघडलाय. जिवाला बरं वाटलं.
भिवरा म्हणली, कावून गं सिंधे, कुणाच्या फोनची वाट बघायलीस? मी म्हणलं, सतीशच्या. तर म्हणली, सतीशच्या फोनला पावडर कावून लावलीस मग? हिला ऐकू येत न्हाई, पण दिसतं लई.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
सायलीचा फोन आला. तिला सहज विचारलं, माझ्या ओळखीची एक बाई हाय, तिला एकानं फोन करतो म्हणलंय, दहा दिवस झाले. सायली म्हणली, आज्जी, दहा दिवस म्हणजे न्हाईच समज. त्या बाईला म्हणावं, विषय सोड, पुढं चल.
शिकलेल्या पोरींना धीर न्हाई. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुणे बघून गेले अन् चार महिन्यांनी निरोप आला. त्यांचा बैल मेलता. बैलासाठी चार महिने थांबले मी, अन् इथं तर मोतीबिंदू हाय.
तरी ठरवलं, उद्यापासून फोनकडं बघायचंच न्हाई. पिठाच्या डब्यात ठेवणार.

२३ नोव्हेंबर, रविवार.
आज सहा भाकरी केल्या. एकटीला दीड लागते. पण डबा सारखा उघडायचा तर काहीतरी कारण पाहिजे. चार शेळीनं खाल्ल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत अन् रोडगे केले. खंडोबाला नैवेद्य दाखवला, ताट घेऊन बसले. दरसाल घरात इतकी माणसं असत्यात की मला भांड्याच्या बुडाचं उरतं. आज समदं भरीत माझ्यापुढं. खाववलं न्हाई. भिवराकडं नेऊन दिलं. ती म्हणली, मीठ कमी हाय. तेवढंच बोलणं झालं दिवसभरात.
जालिंदररावांना भरीत आवडतं का ते विचारायचं राहिलंच. फोन आला की हे पहिलं विचारायचं. लिहून ठेवते.

१ डिसेंबर, सोमवार.
फोनवर विचारायच्या गोष्टी आता सतरा झाल्या. वहीचं मागचं पान भरलं. त्यांची बायको कशानं गेली, हे शेवटी. आधी भरीत.
मी वाट बघत न्हाई. हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण वाट बघणारं माणूस दाराकडं बघत बसतं. मी आज शेळीशी बोलत होते. तिला समदं सांगितलं. तिनं मध्ये तोडलं न्हाई.

५ डिसेंबर, शुक्रवार.
दुपारी एकदम लक्षात आलं. दुसऱ्या तपासणीची तारीख आमची एकच हाय, दहा डिसेंबर. ज्याला समोर भेटायचंय तो फोन कशाला करंल? मी बसले इथं पिठाचे डबे उघडत. माणूस समजदार हाय, मीच न्हाई.
सायलीला सांगणार होते. पण त्या बाईची गोष्ट म्हणून कसं सांगावं ते जमंना.

९ डिसेंबर, मंगळवार.
हिरवं लुगडं काढलं. डोक्याला तेल. बांगड्या भिवराच्या आणल्या. म्हणली, तपासणी डोळ्याची हाय की हाताची. काळा चष्मा उद्या निघणार. लई दिवसांनी झोप येणार न्हाई असं वाटायलंय.

१० डिसेंबर, बुधवार. संध्याकाळ.
गेलते. येऊन शेळीला पाणी पाजलं, मग वही घेतली.
चष्मा काढून बाकड्यावर बसवलं. भिंतीवरची पाल दिसली, पालीची बोटं दिसली. समोर काचेच्या दारात एक म्हातारी दिसली, हिरव्या लुगड्यातली, सुरकुतलेली, काळीसावळी, लहानखुरी. म्हणलं ही कोण, सारखी माझ्याकडं बघायली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मी केला तसाच.
तेवढ्यात आवाज आला. तोच. कंपाउंडरला विचारत होते, मागच्या टायमाला इथं सिंधू नावाच्या बाई होत्या. अठ्ठावन्नच्या. उंच, गोऱ्या. आल्यात काय? कंपाउंडर म्हणला, काका, इथं रोज शंभर बाया येत्यात, बसा.
ते माझ्याच शेजारी बसले. मिशा रंगवलेल्या. सदऱ्याचं एक बटण वरच्या काजात. खिशाला तेलाचा डाग, आत कागदात भजी. एकटेच बोलत होते, नंबर हाय माझ्याकडं, रोज कार्ड काढतो अन् ठेवतो. फोनवर काय बोलावं सुचत न्हाई. समोर असल्या की बोलणं होतं.
मग माझ्याकडं वळून म्हणले, आज्जी, तुमी बघितल्या काय हो त्यांना?
तोंड उघडलं असतं तर आवाजावरून ओळखलं असतं. सतरा गोष्टी विचारायच्या होत्या. मी नुसती मान हलवली. न्हाई.
ते थोडा वेळ दाराकडं बघत बसले. मग पुडी काढली. घ्या आज्जी, म्हणले, गार व्हायलीत. मी एक घेतलं. मीठ बरोबर होतं.
तिथं नावानं बोलवत न्हाईत, नंबरानं बोलवत्यात. माझा चौदा आला. डॉक्टर म्हणले, आज्जी, नजर झकास बसली, आता लांबचं-जवळचं समदं दिसंल. मी मागच्या दारानं निघाले.
एसटीत पिशवीत फोन वाजला. कंपनीचा न्हवता. पडद्यावर नंबर होता, दहाच्या दहा आकडे साफ दिसले, चष्म्याशिवाय. चार वेळा वाजला. पुढंबी वाजत राहिला. शेजारची बाई म्हणली, उचला की आज्जी. मी म्हणलं, माझा न्हाई.
मग थांबला.
डॉक्टर म्हणले ते खरं हाय. डोळा चांगला झालाय.