हिरव्या लुगड्याचं फडकं

मुलींचे वसतिगृह, वर्धा
७ एप्रिल १९८१

तीर्थरूप बाबांच्या पायावर कोकिळाचं डोकं.

सकाळच्या गाडीनं डबा पोचला. माझी तब्येत बरी आहे. तीन पेपर चांगले गेले, शेवटचा शुक्रवारी आहे. खोलीत लय उकाडा होते, म्हणून आम्ही तिघी व्हरांड्यात बसून अभ्यास करतो.

जवसाची चटणी करपली होती. तरी आईनं केली म्हणून मी मैत्रिणींले वाढली.

बाबा, डब्याले बांधलेलं फडकं आईच्या हिरव्या लुगड्याचं आहे. ते लुगडं ती फक्त पोळ्याले नेसायची. ती घरात असती तर त्याले कात्री लावू दिली असती काय?

डबा घेऊन येणारे कंडक्टर चंद्रभानभाऊ, त्यायले विचारलं. ते म्हणाले, "पंधरा दिवस झाले, पोरी. परीक्षा होईस्तोवर सांगू नको म्हणे तुझा बाबा."

म्हणजे तेरवीही झाली. अन् तुमच्या पत्रात होतं, आई वावरात गेली आहे. मले राग आला, बाबा. तिचं तोंड तरी पाहू द्यायचं होतं. पण ते वाक्य लिहिताना तुमचं काय झालं असन, हेही समजते.

पेपर देऊनच येईन. तिनंच मले इथं धाडलं. तोवर दोन घास जेवत जा. अन् उरलेलं लुगडं फाडू नका, मले पाहिजे.

दर पत्राच्या शेवटी लिहिते, तेच आजही लिहून गेलं:

आईले नमस्कार.

तुमची,
कोकिळा