गुगलीच्या आधी

हॉटेल, चौथा मजला
११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला असता तर रडले असते. आईला ऐकू येईनासं झाल्यापासून घरात लागलेली पत्रांची सवय अशा वेळी बरी पडते. काल तुमच्या संघाने माझ्या चार षटकांत एकसष्ट धावा काढल्या. मार पडतो, त्याचं काही नाही, पण काल माझी एकही गुगली कुणाला फसवू शकली नाही. चेंडू हातातून सुटायच्या आधीच तुमच्या फलंदाज पाय पुढे टाकून तयार. तिसऱ्या षटकात मी आमच्या कर्णधाराकडे पाहिलं, तर ती माझ्याकडेच संशयाने बघत होती.

गुगलीच्या आधी माझ्याकडून काहीतरी होतं, हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. मागच्या गल्लीत खेळताना तू माझी प्रत्येक गुगली ओळखायचीस. कशावरून, ते सांग म्हणून मी किती वर्षं तुझं डोकं खाल्लं. तू म्हणायचीस, सांगितलं तर करायचं थांबवशील, मग मी यष्टीमागे उभी राहून काय करू. मला ते आजही माहीत नाही. आमच्या प्रशिक्षकांनी सगळं चित्रीकरण दोनदा पाहिलं, पण सगळे उजव्या हाताकडेच बघतात, तिथे काही सापडत नाही. ते सापडेपर्यंत मी संघाबाहेर. नाहीच सापडलं तर कायमची बाहेर, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही इतकंच.

तू काल खेळली नाहीस. हातमोजे मांडीवर घेऊन बाकावर बसली होतीस आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला धक्का चौकार-षटकारांचा बसला नाही ताई, त्याचा बसला. संघासाठी तू मला विकलंस, असं लिहिताना माझाच विश्वास बसत नाही, पण दुसरं काय समजू?

लोभ ठेवायचा की नाही ते आता तूच ठरव.

तुझी, अजून तरी,
भिंगरी


सरावाचं मैदान
१३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. एवढं एक वाक्य नीट वाच, बाकीचं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल.

त्या दिवशी खेळले नाही, कारण बोट दुखावलंय. काळजीचं काही नाही. तुझ्याकडे पाहिलं नाही, कारण बघवत नव्हतं. तुला त्यांनी कसं ओळखलं ते मला ठाऊक नाही. आणि तुझ्याकडून काय होतं, ते मी आत्ता लिहू शकत नाही. संघाच्या बैठकीत जे बोललं जातं ते बाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी माझी सही आहे, आणि बावीस तारखेला आपली पुन्हा गाठ आहे. तुझं त्यांना सांगितलं नाही, तसंच त्यांचं तुला सांगणार नाही. चीड माझ्यावर, हवं तितकं चीड, पण जेवत जा. रुसलीस की तुझा पहिला राग ताटावर निघतो.

आईला यातलं एक अक्षरही कळवू नकोस, ही मात्र विनंती आहे.

लोभ मी ठेवलेलाच आहे, तू विचारायच्या आधीपासून.

तुझी,
ताई


चष्म्याचं दुकान
१७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच मिळालं. काच घासायचं यंत्र चालू ठेवून वाचत बसले आणि एका गिऱ्हाइकाची काच वाया गेली. ताईशी बोलणं टाकलं म्हणतेस. बाळ, बोलणं टाकायचंच असेल तर ते माझ्याशी टाक.

गेल्या महिन्यात ताईच्या संघाची माणसं कॅमेरा घेऊन इथे आली होती. दोन बहिणी दोन संघांत, अशी छोटीशी फिल्म करायची म्हणून. ती वहीत प्रश्न लिहीत आणि मी बोलत सुटे. किती दिवसांनी माझं बोलणं कुणी इतकं मन लावून ऐकत होतं, मग काय, माझी गाडी थांबेना. मुली लहानपणी खोड्या करायच्या का, असं त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, मला आवाज कळत नाहीत, पण चेहरे कळतात. माझ्यापुढे खोटं पचत नाही. धाकटी कुणाला फसवायला निघाली की डावा हात कानामागे नेते आणि केसांची बट मागे सारते, सुटलेली नसली तरी. मोठी खोटं बोलली की नाक खाजवते. सगळे खूप हसले. मीही हसले.

तुमच्या खेळातलं मला एवढंच कळतं की दोघी धडधाकट घरी याव्यात. गुगली म्हणजे फसवायचा चेंडू, हे आत्ता तुझ्या पत्रातून समजलं. चेंडू टाकतानाही तुझा हात कानामागे जातो का गं? जात असेल तर तुझं गुपित तुझ्या आईनेच हसत हसत वाटून टाकलं आहे. ताईला एक शब्द वाकडा बोलू नकोस.

माझ्यावर रागाव, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
आई


हॉटेल
२३ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरचा.

आईचं पत्र वाचून मी चेंडू घेऊन आरशासमोर उभी राहिले. सात गुगल्या टाकून पाहिल्या, सातही वेळा डावा हात कानामागे. माझाच हात, आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही. थांबवायला गेले तर चेंडू पायाशी पडायला लागला. शेवटी प्रशिक्षकांना म्हटलं, थांबत नसेल तर प्रत्येकच चेंडूला करते. काल तेच केलं. तुमच्या तिघी बाद झाल्या, ते तू पाहिलंसच.

पण लिहितेय ते त्यासाठी नाही. सामन्यानंतर तुमची सलामीची फलंदाज मला बाजूला घेऊन गेली. म्हणाली, हे बाहेर सांगायचं नसतं, पण मला राहवत नाही. त्या बैठकीत आईचं बोलणं पडद्यावर लावलं, केसांच्या बटेच्या वाक्यापर्यंतच. मग तुला विचारलं की गोलंदाजी करतानाही ही असंच करते का. तू म्हणालीस, नाही, कधीच नाही, आणि नाक खाजवलंस. मग त्यांनी आईचं पुढचं वाक्य लावलं. सगळी खोली हसत सुटली. हसणं संपल्यावर तुला सांगितलं गेलं की संघाशी खोटं बोलणारी यष्टिरक्षक आम्हाला नको. तुझ्या बोटाला काहीही झालेलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या यादीतही तुझं नाव नाही, हेही तिनेच सांगितलं.

नऊ वर्षं धडपडून मिळवलेली जागा तू माझ्यासाठी एका शब्दात घालवलीस. आईचं नाव यायला नको म्हणून 'मला ठाऊक नाही' असंही लिहिलंस. आणि मी तुला काय लिहिलं होतं. ते पत्र जाळून टाक, पण टाकलंस का ते मला कळव.

तुझ्या लोभाला मी लायक नाही, तरी तो बंद करू नकोस.

तुझी,
भिंगरी


मैत्रिणीचं घर
२५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आमचा हंगाम संपला. संघाने मला सोडलं आहे. भिंगरीने तुला सगळं कळवलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही, हे मनाशी पक्कं धर. तू खरं तेच सांगितलंस. गुडघे कुरकुरत होते, विश्रांती हवीच होती. मी मजेत आहे. महिनाभर इथेच राहीन, मग पुढचं बघू. घरी यायची घाई नाही.

प्रकृतीला जप आणि दुकानात दिवा लावून काम कर. लोभ आहेच, मी मागायची गरज नाही.

तुझी,
माऊ


चष्म्याचं दुकान
२८ मार्च

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानातल्या मोठ्या भिंगाखाली धरलं. सगळं पत्र एका दमात लिहिलं आहेस, पेन कुठे अडलेलं नाही. फक्त 'मी मजेत आहे' या शब्दांआधी शाईचा ठिपका पडलाय. तिथे पेन टेकवून ठेवलं होतंस. दुसरा हात तेव्हा कुठे गेला होता ते मला विचारायची गरज नाही.

मी खरं सांगितलं आणि तू खोटं बोललीस. त्यात शहाणी कोण ठरली ते मला कळतंय. ते मनातून जायला वेळ लागेल.

भिंगरी काल घरी आली. सकाळपासून मागच्या गल्लीत तीन काठ्या रोवून चेंडू टाकते आहे. यष्टीमागे कुणाला उभं राहू देत नाही. दर चेंडूला गल्लीच्या टोकापर्यंत स्वतः धावत जाते आणि घेऊन येते. अजून जेवलेली नाही.

ये घरी.

तुझी,
आई