भिंतीवरची रायफल शेजाऱ्यांना देण्याबाबत

मी, चष्म्यांचा दुकानदार, आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. घरच्यांचे मत वेगळे असले तरी ते डॉक्टर नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी आतल्या खोलीतून "अजून झालं नाही का?" असे विचारत आहे, त्यास दबाव समजू नये.

१. राहते घर सामानासह पत्नीस द्यावे. "आमच्याकडे राहायला चला" असा आग्रह तिला कोणी करू नये. जायचे असेल तेव्हा ती बॅग भरूनच सांगेल.

२. दुकान मुलीचे. ते ती चालवतेच आहे. मी गल्ल्यावर बसून तिच्या कामात अडथळा आणत होतो. काचा घासायचे यंत्र, भिंगांची पेटी व अक्षरांचा तक्ता हेही तिलाच. तक्त्यातली शेवटची ओळ मला आता दिसत नाही, पाठ आहे म्हणून वाचतो. हे तिला माहीत आहे आणि तिने कधी बोलून दाखवलेले नाही, याची नोंद व्हावी.

३. माझा काळा कोट धाकट्या मेहुण्यांना द्यावा. मुलीच्या लग्नात तो त्यांनी "जरा वेळ" म्हणून अंगावर चढवला आणि निम्म्या फोटोंत वधूपिता म्हणून तेच उभे आहेत. कोटाला त्यांची सवय झालेली आहे.

४. शिकारीची रायफल. ही वडिलांकडून मला आली, वडिलांना त्यांच्या मामांकडून. मामांनी या रायफलने वाघ मारला होता म्हणतात. मी लहान असताना तो वाघ मध्यम आकाराचा होता. पुढे पाहुण्यांची ये-जा वाढली तसा तोही वाढत गेला. वडिलांनी स्वतः ती कधी चालवली नाही. मृत्युपत्रात मात्र लिहून ठेवले, "चालवावी की नाही, हे मुलाने ठरवावे." स्वतःला जमले नाही ते मुलावर सोपवायची आमच्या घराण्याची ही जुनी रीत.

ठरवण्यासाठी मी ती बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे नेली. त्यांनी नळीत उजेड टाकून पाहिले, मग जिथे गाल टेकतो त्याच्या जरा पुढे, गोळी बसते तिथे, बोट ठेवले. तिथे केसाएवढी चीर आहे. मी विचारले, एकदाच चालवली तर? ते म्हणाले, "पहिला बार उडालाच नाही तर बरं. नीट गेला तर तुम्ही दुसरा काढाल, आणि तो मागे येईल. तुमच्या डोळ्यात."

आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांवर पोट भरलेल्या माणसाला याहून जास्त सांगावे लागत नाही. रायफल परत भिंतीवर गेली.

चिरंजीव मात्र शाळेत विज्ञान शिकवतात. प्रयोग केल्याशिवाय ते काही मानत नाहीत. वाघ तर नाहीच. त्यांचे म्हणणे, रायफल टेबलाला आवळून बांधू, दोरी लावू आणि भिंतीआडून ओढू. योजना चांगली होती. मी विचारले, "आणि बार नीट गेला तर?"

"मग एकदा खांद्याला लावून बघू ना, बाबा. सिद्धच झालेलं असेल."

चीर मी त्यांना दाखवली. चष्मा पुसून त्यांनी ती पाहिली आणि "ओरखडा आहे" म्हणाले. तो चष्मा मीच बनवून दिलेला आहे, म्हणजे दोष काचेत नाही.

पत्नीचे मत, ती निकामी करून टाकावी. पण निकामी वस्तू दुरुस्त होते आणि चिरंजीवांच्या ओळखी फार. पोलिसांकडे जमा केली तर वारस म्हणून अर्ज करून ते परत आणतील. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा नाही. वितळवून टाकणे मला जमले नाही. कारण विचारू नये.

५. म्हणून सदर रायफल मी शेजारच्या ठेकेदारांना देत आहे. आमचे आणि त्यांचे पटत नाही, हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. माझी शिडी, पाण्याचा पाइप आणि पत्नीची पितळी परात त्यांच्याकडे आहेत. घेतलेली वस्तू ते वापरत नाहीत आणि परतही देत नाहीत. शिवाय दार जरा जोरात आपटले तरी ते दचकून खुर्चीतून उठतात. रायफल सांभाळायला इतका लायक माणूस मला दुसरीकडे मिळणार नाही. परवाना स्वतःच्या नावावर करून घेण्याचे त्यांनी कबूल केले आहे. न मिळाल्यास, त्यांच्या लेखी विनंतीवरून कारागिरांनी रायफलचे तुकडे करावेत. तेवढे काम माझ्या हयातीनंतर चालेल.

हे विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. बऱ्याच वर्षांनी गेलो. त्यांनी ऐकून घेतले, चहा विचारला आणि म्हणाले, "उद्या तुमच्या मुलाने परत मागितली तर?"

मी म्हणालो, "तुम्ही नेहमीसारखं वागा."

"म्हणजे कसं?"

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "म्हणजे द्यायची नाही. भाऊजी इतकं सरळ सांगतायत."

शिडीचा विषय मी काढला नाही.

६. चिरंजीवांना माझी पुस्तके, सायकल आणि बँकेत जे उरेल त्यातला अर्धा वाटा. दुसरा अर्धा पत्नीचा. रायफल न मिळाल्याचा त्यांना राग येईल आणि तो योग्यच आहे. वाद ठेकेदारांशी घालू नये, बहिणीशी तर नकोच. माझा फोटो पुढच्या खोलीत, रायफलच्या मोकळ्या खिळ्यावर लावावा आणि राग आला की समोर उभे राहून त्याच्याकडे बघावे. हवे तितके दिवस बघावे. दोन्ही डोळ्यांनी बघावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनी माझ्या देखत सही केली. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द. त्यात कोट मेहुण्यांना नव्हता.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टर, दाखला देणारे
२. (सही) कारागीर, चीर दाखवणारे

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२६