चौदाशे सात नंबरची फाइल

श्याखांग,
८ नोव्हेंबर २०२४

ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं समजतो. समजण्याखेरीज दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पत्ता मामीने दिला, तिच्यावर रागावू नकोस. तुझं न्याहारीचं दुकान छान चालतं आणि सकाळी सोयादुधासाठी रांग लागते, हेही तिनेच सांगितलं.

इकडे सगळे ठीक. बाबांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. तुझी भावजय मेय-य्वे तुला नमस्कार सांगते. आपल्या बाहुल्यांच्या मंडळाचा ट्रक यंदा विकला. महिन्यातून दोन खेळ मिळाले तर मिळाले, त्यासाठी भाड्याचा ट्रक परवडतो.

सध्या मी खेळ करत नाही, चित्रं चिकटवतो. बाबा १९९१ पासून प्रत्येक खेळाचं शूटिंग करायचे, आठवतं ना? तिकाटणं मांडून कॅमेरा लावायचे आणि त्याच्या आसपास कुत्रंही फिरकू द्यायचे नाहीत. त्या टेपांच्या आता तीन हजार आठशे बारा फाइली झाल्या आहेत. जिल्ह्याच्या सांस्कृतिक कार्यालयाला त्या हव्यात, लोकांना घरबसल्या बघता याव्यात म्हणून. अट अशी की प्रत्येक फाइलीला टपालाच्या तिकिटाएवढं एक चित्र लावून द्यायचं. थंबनेल म्हणतात त्याला. ते बघून आत कुठला खेळ आहे ते कळलं पाहिजे. डिसेंबरअखेर सगळं पोचवायचंय.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. एक प्रोग्राम मिळाला, तो प्रत्येक व्हिडिओत पंधराव्या मिनिटाला जाऊन आपोआप चित्र काढतो. रात्रभर मशीन चालवलं, सकाळी उघडून बघतो तर पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच तीन म्हातारे देव! लांब दाढ्या, लाल पडदा, हात वर. अर्धा तास कॅसेटवरची नांदी झाल्याशिवाय आपण खेळाला हात लावत नाही, हे त्या प्रोग्रामला कोण सांगणार? कार्यालयातल्या कुमारी खोंचा फोन आला. "लिआव साहेब, तुमच्या मंडळाने तीस वर्षं एकच नाटक केलं का हो?"

मग मी त्याला सांगितलं, बाबा रे, चेहरा दिसेल तिथलं चित्र घे. त्याला आपल्या बाहुल्यांचे लाकडी चेहरे चेहरेच वाटत नाहीत. दोनशेहून जास्त फाइलींना त्याने सॉसेजवाला लावला. तोच तो टकलू, मंचासमोर गाडी लावून उभा राहणारा. त्याला म्हणावं, नशीब उघडलं तुझं.

तेव्हा आता हाताने करतो आहे. फाइल उघडायची, नांदी ओलांडायची, बरा प्रसंग शोधायचा, चित्र काढायचं, पुढची. दिवसाला साठ-सत्तर होतात. डोळे पार कामातून गेलेत, मिटले तरी तलवारी दिसतात. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मदत करतात.

"ही नको. ह्यात बाहुली वाकडी उभी आहे."

"बाबा, तिकिटाएवढी दिसणार ती."

"मग? तिकिटाएवढी वाकडी दिसेल."

असं रोज चालतं. मी फार थकलोय ताई, खरं सांगतो.

पत्राचं कारण असं. काल चौदाशे सात नंबरची फाइल आली. २००५ साल, चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याची तेवीस, खाडीवरचं माझूदेवीचं देऊळ. यादीत ते नाव दिसलं आणि बाबा उठून चहा करायला गेले. आपला चहा आपण करायला! एकोणीस वर्षांत त्या दिवसाबद्दल ते एक शब्द बोललेले नाहीत, कालही बोलले नाहीत.

देवीच्या वाढदिवसाला नांदीच्या जागी तुझ्या हातून सातव्या, म्हणजे भुतांच्या महिन्यातली कॅसेट लागली आणि देवीच्या तोंडावर भटक्या भुतांना जेवायचं आमंत्रण गेलं, ही गोष्ट अजून खाडीवर सांगतात. आता तर कोणीही घरी बसून बघेल. पुसली तर यादीत एक नंबर कमी होईल, कुमारी खो काही म्हणणार नाहीत. कॅसेटवरचा आवाज तुझा आहे, बोल तुला लागला, म्हणून तुला विचारतो. ठेवू की पुसू? मी ती अजून उघडलेली नाही.

थंडी पडायला लागली आहे. गळ्याला जप.

तुझा भाऊ,
मू-शेंग


श्याखांग,
२७ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकोणीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तर त्यात दोनच शब्द. "पुसून टाक." खाली नावसुद्धा नाही. तरी मेय-य्वेने ते फ्रिजवर चिकटवलंय.

मला वाटलं, तुला अजून लाज वाटते. वाईट वाटलं आणि, खोटं का बोलू, हायसंही वाटलं. तू सांगितलंस, मी पुसली, विषय संपला. मी फाइल निवडली, बोट बटणावर ठेवलं. पण दोन हजारांवर फाइली उघडून हाताला सवय लागली आहे. पुसायच्या ऐवजी ती उघडली गेली.

तू ती कधी पाहिली नाहीस. मीही नव्हती पाहिली. त्या दिवशी मी तिथे नव्हतोच, तुला माहीत आहे. कॅसेट लावून बटण दाबलं आणि देवळामागे कालवांच्या आम्लेटच्या गाडीवर गेलो. मेय-य्वे तेव्हा तिथे कामाला होती. नांदीची तीस मिनिटं मला कोण विचारणार होतं?

बघ, लिहून गेलो. कॅसेट मी लावली. मागच्या पत्रात "तुझ्या हातून" असं लिहिताना माझा हात अडखळलासुद्धा नाही, इतकी वर्षं मी ते तसंच म्हणत आलोय.

व्हिडिओत काय आहे ते सांगतो. पडदा उघडतो, तिन्ही म्हातारे देव वर येतात आणि भोंग्यातून तुझाच आवाज, सातव्या महिन्यातला: "या भल्या भावांनो, ज्यांना घर नाही, ज्यांना कोणी नाही, या, पान मांडलंय." समोरच्या बायका उदबत्त्या धरून उभ्या आहेत, त्यांचे हात तिथेच थांबतात. कोणीतरी ओरडतं, "अरे, कुणाला बोलावताय रे?" मग आवाज एकदम तुटतो. तू भोंगे बंद केलेस. लोकांना पुढचं ऐकू गेलं नाही. पण बाबांनी कॅमेऱ्याची वायर थेट मशीनला जोडली होती आणि मागचा माईक चालू होता. मी दोन्ही कानांवर हेडफोन दाबून ऐकलं.

बाबा म्हणतात, "कॅसेट कोणी लावली?"

आणि तू म्हणतेस, "मी."

लगेच. श्वाससुद्धा घेतला नाहीस गं. मी ती जागा किती वेळा ऐकली ते विचारू नकोस.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की बाबांनीच तुझ्यावर ढकललं. कॅसेटचं खातं तुझं, म्हणून चूक तुझी, मी फक्त गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं माझं शास्त्र. तू मुद्दाम म्हणालीस हे मला माहीतच नव्हतं.

आणि मी नुसता गप्पही नव्हतो. आता निघालंच आहे तर सगळं निघू दे. त्या कॅसेटवर तुझ्या अक्षरात मोठ्ठं लिहिलेलं होतं, "सातवा महिना". मी वाचलं नाही, एवढंच. संध्याकाळी तुम्ही देवळाच्या पंचांपुढे माफी मागत होतात तेव्हा मी ट्रकमध्ये बसून ते लेबल नखाने खरवडून काढलं. सगळं निघालं, डिंकही. घरी आल्यावर बाबांनी कॅसेट हातात घेतली आणि म्हणाले, "साधं लेबल लावता येत नाही? बाईच्या हातात देवाचा पेटारा दिला की असंच व्हायचं." तू कॅसेटकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. आणि मी बाबांच्या बोलण्यावर मान डोलावली.

पाचव्या महिन्यात निघून गेलीस. पुढे वादळात खाडीवरच्या कालवांच्या ताट्या वाहून गेल्या, तेव्हा लोकांनी तेही तुझ्याच नावावर लावलं. मी खेळाला जायचो, ऐकायचो आणि पान खाऊन थुंकायचो.

"पुसून टाक" वाचून मला वाटलं होतं, तू स्वतःला झाकते आहेस. आत्ता कळतंय. त्यात काय रेकॉर्ड झालंय ते तुला माहीत नव्हतं, मी त्यात सापडेन अशी धास्ती होती. तू पुन्हा मलाच झाकत होतीस.

अजून एक आहे त्या व्हिडिओत. भोंगे बंद झाल्यावर मंच रिकामा राहतो. बाहुल्या खाली पडल्या असणार. मग कठड्यावर तुझे दोन्ही हात वर येतात, उघडे, बाहुलीशिवाय. प्रेक्षकांना हात दिसला तर बाबा काठीने मारायचे, आणि तू ते देवीसमोर जोडून धरलेस. मग बाहुल्या घेतल्यास आणि अख्खी नांदी तोंडाने म्हटलीस. तीन देवांचे तीन आवाज, अर्धा तास, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बायकांनी उदबत्त्या पुन्हा वर केल्या. हे कोणीच सांगत नाही. चूक तेवढी सांगतात.

आणि तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, त्यानंतर बाबांनी नांदी कधी नव्याने रेकॉर्ड केली नाही. तुला एवढं बोलले, पण आजपर्यंत प्रत्येक देवळात पहिला आवाज तुझाच लागतो. मी एकदा म्हटलं, नवी करू या. म्हणाले, "कशाला? ही काय वाईट आहे?"

फाइल पुसली नाही. बाबांना सांगायचंय, अजून सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवतो, मग ते म्हणतात ही बाहुली वाकडी आहे, आणि दिवस जातो. चाळिशी उलटली तरी त्यांची भीती वाटते. तुझी जास्त वाटते, पण तू लांब आहेस.

मू-शेंग


श्याखांग,
११ डिसेंबर २०२४

ताई,

बाबांना सांगितलं.

सांगितलं म्हणजे, फाइल लावली, हेडफोन त्यांच्या कानांवर घातले आणि "मी" झाल्यावर थांबवून म्हटलं, "ती खोटं बोलली. कॅसेट मी लावली होती." लेबलचंही सांगितलं. त्यांच्या हाताशी माश्या मारायची जाळी होती, ती त्यांनी माझ्या तोंडावर मारली. मग दुसऱ्यांदा मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. दोन दिवस जेवले ते खोलीत, एकटे. मेय-य्वे ताट ठेवून यायची. मला ते बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन खुर्चीत बसले. "लाव." मी लावली. अख्खी नांदी ऐकली, डोळे मिटून. बोटं मांडीवर हलत होती, तुझ्या बाहुल्यांबरोबर. संपल्यावर विचारलं, "ती तेव्हा किती वर्षांची?"

"सव्वीस."

"सव्वीसचा असताना मला अर्धीच यायची," ते म्हणाले. "अर्धी माझा बाप म्हणायचा." मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

चौदाशे सात नंबरला मी तुझ्या जोडलेल्या हातांचं चित्र लावलंय. बाहुली नाही, तीन देव नाहीत, लाल कठडा आणि तुझे दोन हात. तिकिटाएवढे असले तरी ओळखू येतात. मुख्य कलाकार म्हणून इतके दिवस सगळीकडे बाबांचं नाव टाकत होतो. इथे त्यांनी माझ्या हातून माऊस घेतला, त्यांना तो धरताही येत नाही, आणि म्हणाले, "लिआव स्यू-चिन टाक. नीट टाक, चूक करू नकोस." शेरा म्हणून एक रकाना असतो, तो मी भरला: नांदीच्या वेळी चुकीची कॅसेट लावली लिआव मू-शेंग याने, मुख्य कलाकाराने नांदी प्रत्यक्ष म्हणून देवीची सेवा पूर्ण केली. कुमारी खोंनी फोन करून विचारलं, "हे खरंच ठेवायचं का? सगळ्यांना दिसेल." म्हटलं, त्यासाठीच लिहिलंय. परवा चढवली. काल खाडीवरच्या देवळाच्या अध्यक्षांचा फोन आला होता. मी उचलला आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर देणारी तू नेहमी मलाच वाचवतेस. तुला माझ्याशी कधीच बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

बाबांचं मात्र एक काम आहे. फोन करा म्हटलं तर म्हणाले, फोनवर काय बोलायचं. पत्र लिहा म्हटलं तर म्हणाले, तू लिहितोसच आहेस, त्यात घाल. काय घालू विचारलं तर गुडघे चोळायला लागले. मग म्हणाले, "तिला विचार, तिच्या दुकानाला पायऱ्या किती आहेत."

गुडघ्यांमुळे विचारतात. तेवढं कळव. मला कळवायचं नसेल तर मामीला कळव.

लेबल खरवडणारा,
मू-शेंग